यादीत नसलेला वायू

बाह्यग्रहाची हवा थेट दिसत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. हवेतले वायू ज्या तरंगलांब्या शोषतात, तिथे जरा जास्तच. हे ‘जरा’ फारच तोकडे असते. दूरच्या निरीक्षकाला पृथ्वी सूर्यप्रकाशाच्या दहा लाख भागांपैकी ८४ अडवताना दिसेल. त्यात हवेची भर जेमतेम एका भागाची.

एवढ्याशा खुणेतून वातावरण उभे करायचे तर उलटा हिशेब मांडावा लागतो. तापमान, दाब, ढग आणि वायूंची प्रमाणे गृहीत धरून संगणकावर वर्णपट रचायचा, निरीक्षणाशी ताडायचा, आकडे बदलून पुन्हा रचायचा. असे लाखो वेळा. मात्र मॉडेलला यादीत दिलेल्याच वायूंची नावे ठाऊक असतात. त्यामुळे खरे कसब गणितापेक्षा यादी करण्यात आहे.

सिंह राशीतल्या के२-१८बी या ग्रहाने हे चव्हाट्यावर आणले. सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरचा हा ग्रह एका लाल बटुताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी मारतो. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. सोबत डायमिथाइल सल्फाइडची पुसट खूण होती. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी प्लवकांमुळे तयार होतो, म्हणून गाजावाजा झाला. २०२५ मध्ये त्याच गटाने वेगळ्या उपकरणाच्या आधारे तीन सिग्मा इतक्या सांख्यिकी खात्रीचा दावा केला. शोध म्हणून मान्यतेसाठी पाच लागतात. इतरांनी यादी लांबवली, तर काही हायड्रोकार्बनही तितकेच चपखल बसले. काहींना त्या वर्णपटासाठी सरळ रेघसुद्धा पुरली. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत भाताचेच आहे याची खात्री आधी हवी.

शिवाय डायमिथाइल सल्फाइड ६७पी धूमकेतूवरही सापडला आहे, म्हणजे तो सजीवांवाचूनही बनतो. एकट्या ऑक्सिजनचेही तेच: अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटते, हायड्रोजन अवकाशात निसटतो, ऑक्सिजन मागे साचतो. जोडी अधिक बोलकी असते. ऑक्सिजनच्या सहवासात मिथेन पृथ्वीवर दहाएक वर्षेच टिकतो, तेव्हा दोन्ही एकत्र दिसले तर कोणीतरी मिथेनचा सतत पुरवठा करत असले पाहिजे. १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलेल्या गॅलिलिओ यानाच्या मोजमापांवर कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी हीच कसोटी लावली. उत्तर आधीच ठाऊक असलेला तो एकमेव ग्रह.