फुरसुंगीचा शेजारी

पुस्तकं लायब्ररीत परत जातात, पण त्यांतली काही मुलं आपल्याकडेच राहून जातात. माझ्याकडे सगळ्यात आधी राहायला आला तो बनेश फेणे. गाव फुरसुंगी, शिक्षण पुण्याच्या विद्याभवन शाळेत, अंगकाठी किडकिडीत, जवळ सायकल, आणि काही सुचलं की तोंडानं वाजवलेलं ‘ट्टॉक्’. भा. रा. भागवतांनी या फास्टर फेणेवर वीसेक पुस्तकं लिहिली. तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, चक्रीवादळात सापडला, चिंकू नावाच्या चिंपांझीच्या भानगडीत पडला. माझ्या मैत्रिणींना त्याच्याबरोबर भटकायला जायचं असे. मला तो शेजारी हवा होता.

आम्ही तेव्हा साताऱ्यात एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहायचो. आमच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या बरेच दिवस रिकाम्या होत्या. मालक अधूनमधून कुणाला तरी घेऊन यायचे, कडी काढून खोल्या दाखवायचे, मोरी कुठे, नळ किती वाजता येतो ते सांगायचे. ती माणसं गेली की मी आईला विचारायची, “फेणे आडनावाचे होते का गं?” आई म्हणायची, “अगं, तो पुण्याला शाळेत जातो ना? इथं कशाला येईल?” तिनं तो मुलगा खोटा आहे असं एकदाही म्हटलं नाही, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

तो शेजारी का हवा होता, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. फेणे धाडसी आहेच, पण धाडस त्याच्या गोष्टीत नंतर येतं. आधी त्याला काहीतरी दिसतं. रस्त्यानं शंभर माणसं जात असतात. त्यातला एक घाबरलेला चेहरा, नको त्या वेळी उघडं असलेलं एक दार त्याच्या नजरेत भरतं आणि सायकलचा ब्रेक लागतो. मोठी माणसं याला नसत्या उचापती म्हणतात. वाड्यात राहिलेल्या माणसाला मात्र त्याचं मोल कळतं. आमच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. एका सकाळी त्यांच्या उंबऱ्याशी दुधाची पिशवी तशीच पडलेली होती. उन्हं चौकात आली, पिशवीभोवती पाण्याचा ओघळ सुकून डाग उरला, मुंग्या लागल्या. सगळे तिला ओलांडून कामावर गेले. आई नळावरून कळशी घेऊन येताना थांबली, कळशी खाली ठेवली आणि कडी वाजवली. आजी आत तापानं फणफणलेल्या होत्या. फेणेला ती पिशवी सकाळी सातलाच दिसली असती, असं मला त्या दिवशी अगदी खात्रीनं वाटलं.

माझं आजोळ पुण्यात. एसटीत मला मळमळायचं, म्हणून वडील पॅसेंजरनं न्यायचे. लोणंद, नीरा, जेजुरी मागे पडायची, शिंदवणे घाटातले बोगदे संपायचे, आळंदी नावाचं स्टेशन यायचं (देवाची आळंदी वेगळी, हे वडील दर खेपेला सांगायचे) आणि मग फुरसुंगी. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ते नाव पाहिल्यावर अंगावर काटा यायचा. छोटंसं स्टेशन, दोन-चार माणसं उतरायची, पलीकडे शेतं. मी खिडकीच्या गजांना नाक लावून सायकल शोधायची. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून मुलांना चंद्रावर आणि समुद्राच्या तळाशी नेलं होतं. स्वतःचा नायक उभा करताना मात्र त्यांनी त्याला रेल्वेच्या पाटीवर सापडणारं गाव दिलं. मराठी मुलांवर त्यांचे जे उपकार आहेत, त्यांत मी हा पहिला धरते. ज्याच्या गावावरून आपली गाडी जाते, त्याच्याविषयी ‘हा भेटेल’ असं वाटू शकतं.

1987 मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे होऊन आला. आम्ही मालकांच्या ओटीवर दाटीवाटीनं बसून पाहायचो. पुढे ‘गोट्या’ आला, मग दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे भेटला. दोघेही गुणी. गोट्याचं वाईट वाटायचं, बोक्याशी गट्टी जमली असती. पण त्या दोन खोल्या मी मनातल्या मनात फेणेच्याच नावावर ठेवल्या होत्या.

तिथं दुसरं कुणी आलं ते फार उशिरा. मी पुण्यात संसाराला लागले, मुलगी वाचायला लागली आणि तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ घरात आलं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या सुंदर मराठीत. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोई शाळा, पहिल्याच दिवशी त्या चिमुरडीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. सगळ्या पालकांप्रमाणे मलाही तेच शेजारी असावेत असं वाटायला हवं होतं. पण मला भिंतीपलीकडे हवी होती ती तोत्तोचानच, आणि तीही एका प्रसंगामुळे.

तिचं आवडतं पैशाचं पाकीट शाळेच्या संडासात पडतं. ती रडत बसत नाही. रखवालदाराचं लांब दांड्याचं ओगराळं घेते, मैलाटाकीचं झाकण काढते आणि आतला मैला उपसून बाजूला ढीग घालत सुटते. कोबायाशी तिथून जातात, काय चाललंय विचारतात, आणि काम झालं की सगळं परत टाकायचं एवढंच सांगून निघून जातात. पाकीट सापडत नाही. तोत्तोचान ठरल्याप्रमाणे पूर्ण ढीग टाकीत परत घालते. मग तिच्या ध्यानात येतं, घाणीतलं पाणी तर जमिनीत मुरलंय. ते कसं परत टाकायचं? म्हणून ती ओली झालेली माती खरवडते आणि तीही टाकीत टाकते. माझी मुलगी या ठिकाणी पुस्तक मिटून म्हणाली, “आई, ही खरंच चांगली मुलगी आहे.” मला वाटतं, चांगल्या शेजाऱ्याची याहून नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. आपली घाण आपण उचलायची, ती जिथवर मुरली असेल तिथवर.

2017 साली फुरसुंगीचं नाव रोज पेपरात येऊ लागलं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पुणे शहराचा कचरा डेपो आहे. वर्षानुवर्षं शहराचा कचरा तिथं ओतला गेला, विहिरींचं पाणी नासलं, लोकांनी पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. त्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीनेक आठवडे शहरात कचऱ्याचे ढीग साचले. पेठांत, सोसायट्यांत लोक नाकाला रुमाल लावून चिडचिड करत होते. मला राग आला तो आमचा, शहरवाल्यांचा. आम्हाला तीन आठवडे सोसवेना, त्या गावानं ते किती वर्षं सोसलं होतं! ज्या मुलाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आपलं म्हटलं, त्याच्या घराच्या दारात आम्ही आमची घाण नेऊन टाकत होतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फुरसुंगी पुणे महापालिकेत आलं, आणि त्याच महिन्यात ‘फास्टर फेणे’ चित्रपटही आला. अमेय वाघचा बनेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि भागवत नावाच्या वृद्ध लेखकाच्या घरी उतरतो. ती भूमिका प्रभावळकरांनी केली आहे. पात्र आपल्या लेखकाच्या घरी राहायला जातं, ही कल्पना मला फार भावली. थिएटरच्या अंधारातही माझ्या मनात येत राहिलं, हा मुलगा आता गावी असता तर कचऱ्याच्या गाड्यांमागे सायकल घालून गेला असता, विहिरीतलं पाणी बाटलीत भरून थेट शहरात आला असता आणि ती बाटली आपल्या टेबलावर ठेवून ‘ट्टॉक्’ केलं असतं.

पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची मिळून स्वतंत्र नगर परिषद झाली. गाव आता उंच इमारतींनी भरून गेलं आहे, आयटी कंपन्यांची संकुलं आली आहेत. या गावाला महाराष्ट्रातल्या मुलांच्या मनात जी जागा आहे, तिची साक्ष देणारी एखादी बालवाचनालयाची खोली तिथं असावी, फेणेच्या नावाची, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या हाती फास्टर फेणेचं एखादं पुस्तक द्या. वाचून झालं की त्याला फुरसुंगीला घेऊन जा, हडपसरहून लांब नाही. आणि पुण्यात राहत असाल तर ओला कचरा आजपासून घरीच जिरवा.