लपण्याची विद्या

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने व्हिडिओ गेमविषयी लेख लिहावा, ह्यात औचित्यभंग आहे असे ज्या वाचकांस वाटेल, त्यांच्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. गेल्या महिन्यापर्यंत आमचेही मत तेच होते. त्या मतास धक्का दिला तो आमच्या पुतण्याने. तो न्यू जर्सीत असतो. तेथील बिऱ्हाड बदलताना अडगळीत सापडलेले आपले लहानपणचे खेळण्याचे यंत्र टाकून देणे त्याच्या जिवावर आले, म्हणून येताना त्याने ते बरोबर आणले आणि "काका, तुम्हांला ह्याचा उपयोग होईल," एवढे म्हणून आमच्या पदरात टाकले. उपयोग कोणता, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

यंत्र निंटेंडो कंपनीचे, नाव 'वी'. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात, फुलांची चित्रे असलेले खेळायचे पत्ते करण्यासाठी निघाली, हे वाचून आम्हांस तिच्याविषयी थोडासा आदर वाटू लागला. पत्त्यांच्या नादाला आमच्या घराण्यात मोठी परंपरा आहे. 'वी' २००६ साली बाजारात आले, जगभर दहा कोटींहून अधिक खपले, आणि २०१३ साली जपानात त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आमच्या दिवाणखान्यात ते अवतरले तेव्हा आमच्याही आधी निवृत्त झालेले होते. अमेरिकेतील विजेचा दाब आपल्यापेक्षा कमी, म्हणून एक ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. यंत्राच्या तारा लाल, पांढऱ्या व पिवळ्या अशा तीन रंगांच्या, आणि आमच्या नव्या टीव्हीला तसली भोकेच नाहीत, म्हणून मध्ये जोडण्यास आणखी एक डबी आणावी लागली. ह्या खटपटीत दोन दिवस गेले.

बरोबर आलेल्या तबकड्यांत टेनिस होते, मुष्टियुद्ध होते, आणि एक तबकडी निंजांची होती. तिचे नाव 'तेन्चू: शॅडो असॅसिन्स'. 'तेन्चू' म्हणजे आकाशस्थ देवतेने केलेले शासन. ह्या मालिकेतील पहिला खेळ १९९८ साली 'अक्वायर' नावाच्या जपानी मंडळींनी रचला. मधले काही खेळ दुसऱ्यांच्या हातून झाले, आणि हा पुन्हा मूळच्या मंडळींनी केला. तो जपानात २००८ साली व अमेरिकेत २००९ च्या आरंभी निघाला. टेनिस सोडून आम्ही हीच तबकडी का उचलली, ह्याचे कारण पुढे येईल.

खेळ असा आहे. रात्रीची वेळ. गोदा नावाच्या सरदाराच्या पदरी रिकिमारू व अयामे असे दोन हेर आहेत. आरंभी आपण रिकिमारू असतो. उजव्या हातात टीव्हीच्या रिमोटसारखा रिमोट, डाव्या हातात त्याला वायरीने जोडलेला 'नंचक'. नंचकाच्या दांडीने पावले टाकायची, आणि दोन्ही हातांना हिसका दिला की गडी एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत वाऱ्यासारखा सरकतो. एक कळ दाबली की त्याचे मनश्चक्षू उघडतात व पहारेकऱ्यांची नजर कोठवर पोचते ते दिसू लागते. दिवा विझवून अंधार करता येतो. पहारेकऱ्याने पाहिलेच, आणि जवळ तलवार नसली, तर त्या टप्प्याच्या आरंभी परत रवानगी होते. तलवार असली तर द्वंद्व. तीही हेराची स्वतःची नसून वाटेत सापडेल ती घ्यायची.

पहिल्या रात्री आम्ही एका भिंतीआड वीस मिनिटे बसून होतो. पुढे एक पहारेकरी येरझारा घालीत होता. तो वळे, थांबे, पुन्हा येई. आम्ही तेवढ्या वेळात काहीच केले नाही, आणि सांगावयास संकोच वाटतो, परंतु इतकी रसपूर्ण वीस मिनिटे आमच्या वाट्यास बऱ्याच दिवसांत आली नव्हती. व्हिडिओ गेम म्हणजे धडाधड गोळीबार ही आमची समजूत त्या भिंतीआडच गळून पडली. पहारेकरी मात्र मंदबुद्धीचे आहेत, हेही सांगितले पाहिजे. आखून दिलेल्या वाटेवरून ते घाण्याच्या बैलासारखे फिरतात. त्यांना मारण्याची दृश्ये तर इतकी रक्तबंबाळ आहेत की आमच्या सौभाग्यवतींनी पहिले दृश्य पाहताच स्वयंपाकघराची वाट धरली.

येथे प्रत्येक मराठी वाचकास बहिर्जी नाईकांची आठवण होणार, आम्हांसही झाली. परंतु जपानच्या शिनोबींचा इतिहास त्यांचा त्यांचा आहे. इगा आणि कोगा हे डोंगरी मुलूख त्यांचे. १५८१ साली ओदा नोबुनागाने इगावर प्रचंड सैन्य घालून तो मुलूख मोडून काढला. पुढे शांततेच्या काळात, १६७६ मध्ये, त्यांच्या विद्येचा 'बान्सेनशुकाई' नावाचा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात शिड्या, कुलपे, दारूगोळा ह्यांची वर्णने आहेतच, परंतु ग्रंथाच्या आरंभीच्या भागात शुद्ध अंतःकरणाचा विचार आहे. ज्याचा धंदाच लपण्याचा, त्याने आधी आपल्या मनाशी खरे असावे, अशी अपेक्षा! आम्ही हे वाचले तेव्हा ते आम्हांस केवळ कुतूहलाचे वाटले.

आता द्वंद्वाकडे वळू. दुसऱ्या रात्री हाती एक तलवार लागली आणि लगेच एका पहारेकऱ्याच्या दृष्टीस आम्ही पडलो. द्वंद्वात शत्रू समोर उभा राहतो, त्याचा वार कोठून येणार त्याची रेषा पडद्यावर उमटते, आणि रिमोट त्याच रेषेत धरून तो अडवावयाचा. उभी रेषा आम्ही अडविली. डावीकडे कलणारी अडविली. उजवीकडे आडवी झालेली रेषा आली, आणि आम्ही मेलो. पुन्हा खेळलो, पुन्हा तेथेच मेलो. असे सात वेळा झाले.

ह्यावर आम्ही आमच्या वर्गाच्या स्वभावास अनुसरून वाचन केले. यंत्राबरोबर टीव्हीवर ठेवण्याची एक पट्टी येते, तिला 'सेन्सर बार' म्हणतात. तिला संवेदना मुळीच नसते. ती दोन्ही टोकांकडून अदृश्य असा अवरक्त प्रकाश टाकते, एवढेच. तो पाहणारा डोळा रिमोटच्या नाकाशी असतो. (नामकरणात असा अपराध आमच्या विद्यार्थ्याने केला असता तर आम्ही गुण कापले असते.) रिमोटच्या पोटात त्वरण मोजणारी एक चकती असते. हात स्थिर असला की तिला केवळ गुरुत्वाकर्षण जाणवते, आणि ते कोणत्या बाजूस ओढते ह्यावरून रिमोट किती कलला ते यंत्र ताडते. हात हलला की गुरुत्वाकर्षण कोणते आणि हिसका कोणता, ह्याची तिला गल्लत होते. फिरणे मोजणारे 'मोशन प्लस' नावाचे जोडयंत्र २००९ च्या जूनमध्ये, म्हणजे हा खेळ निघाल्यानंतर आले. तेव्हा दोष यंत्राचा! हे सारे आम्ही सौभाग्यवतींना रात्रीच्या जेवणात साग्रसंगीत समजावून दिले. त्यांनी ऐकून घेतले, हात धुतले, दिवाणखान्यात येऊन रिमोट उचलला आणि म्हणाल्या, "दाखवा बरं कसं ते."

आम्ही कळा सांगितल्या. त्यांनी उभा वार अडविला, डावा अडविला, आणि उजवीकडे आडवी झालेली ती रेषा येताच मनगट सहज उताणे करून तोही अडविला. पहारेकरी पडला. त्या मात्र पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, हात पुढे करा. तळहात वर करा बघू."

वाचकांपासून आता लपविण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी पावसात कॉलेजच्या पायरीवरून पडून आमचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हाड सांधले, परंतु तळहात आकाशाकडे करू म्हटले तर तो अर्ध्या वाटेवर थांबतो. व्यायाम सांगितले होते. काठीचे टोक मुठीत धरून ती डावीउजवीकडे झुकवावयाची, दिवसातून तीनदा. आम्ही ते पंधरा दिवस केले, दुखू लागताच सोडले, आणि "आता ठीक आहे" असे घरी सांगून टाकले. त्यानंतर आम्ही सुटे पैसे डाव्या हाताने घेऊ लागलो. देवळात तीर्थ घेण्याची वेळ आली की गर्दीत मागे राहू लागलो. फळ्यावर लिहिणे कमी करून विद्यार्थ्यांस छापील टिपणे वाटू लागलो, आणि त्याबद्दल आमची आधुनिक अध्यापक म्हणून थोडी वाहवाही झाली, ती आम्ही निमूटपणे घेतली. घरातील एकाही पहारेकऱ्याच्या दृष्टीस आम्ही पडलो नव्हतो. टेनिसची तबकडी का घेतली नाही, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. लपण्याच्या खेळात हात फारसा लागणार नाही, असा आमचा कयास होता.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या दिवाळीत उटणं लावताना."

गेल्या दिवाळीपासून! म्हणजे आम्ही भिंतीआड लपलो आहोत असे आम्हांस वाटत होते, आणि दिवा आमच्या तोंडावरच होता. त्या इतके दिवस का बोलल्या नाहीत, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले." वीस मिनिटे एका पहारेकऱ्याची वाट पाहिल्याचा आम्हांस अभिमान होता. त्यांनी जवळजवळ वर्षभर वाट पाहिली होती.

तिसऱ्या रात्रीपासून व्यवस्था बदलली आहे. नंचक आमच्या डाव्या हातात असतो, रिमोट त्यांच्या उजव्या हातात. दोहोंमधील वायर आखूड असल्यामुळे दोघांस कोचावर खेटून बसावे लागते. चालणे, लपणे, वाट पाहणे हा विभाग आमचा. तलवार त्यांची. रक्तपाताच्या वेळी त्या डोळे मिटतात, तरी वार चुकत नाही. खेळ सुरू करण्यापूर्वी मात्र आम्ही स्वयंपाकघरातील लाटणे मुठीत धरून ते डावीउजवीकडे झुकवावे, वीस वेळा, आणि ते त्यांच्या देखत, असा नियम झाला आहे. उजवीकडे ते अजून निम्म्यावरच थांबते. काल अकराव्या वेळी आम्ही हळूच चौदा म्हणून पाहिले.

"अकरा," त्या न वळता म्हणाल्या.