राखेतून उमलणारी अग्निशिखा

म्हैसूर म्हटले की राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन गार्डन आणि दसऱ्याची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. रेशमी साडी, चंदनाचा साबण आणि म्हैसूरपाक घेतला की सहल पुरी झाली असे वाटते. पण हाती आणखी एक दिवस असेल, तर नंजनगूड, गुंडलुपेटमार्गे सुमारे ८० किलोमीटरवरच्या बंदिपूरला जरूर जा. बहुतेक पर्यटक तिथे वाघासाठी जातात. वाघ दिसणे नशिबाचा भाग! पावसाळ्यात गेलात, तर रस्त्याकडेच्या झुडपांवर कळलावीचे फूल मात्र नक्की शोधा. संस्कृतात तिचेच नाव अग्निशिखा.

ज्योतीसारखे फूल

नाव अगदी सार्थ आहे. नागमोडी कडांच्या सहा लांबट पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. आधी हिरवट-पिवळे असलेले फूल पुढे केशरी आणि शेवटी लालभडक होते. पानांची टोके वळून त्यांचेच तणावे बनतात आणि त्यांच्या आधाराने वेल वर चढते. शेजारच्या तमिळनाडूचे हे राज्यपुष्प. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या दिवसांतही हे फुललेले दिसते. फूल देखणे असले तरी वेल विषारी आहे, कंद तर फारच. मुलांना ते दुरूनच दाखवा.

कंदाची किमया

फेब्रुवारीत याच रानाचे रूप पालटते. साग, ऐन, धावडा निष्पर्ण होतात, तांबड्या रेताड मातीवर वाळलेल्या गवताचा आणि पाचोळ्याचा थर साचतो. कळलावीची वेल तर केव्हाच सुकून नाहीशी झालेली असते. पण जमिनीखाली नांगराच्या फाळासारखा तिचा कंद जिवंत असतो. म्हणूनच तिला लांगली असेही म्हणतात. गवतातून झरझर पुढे सरकणाऱ्या आगीची धग मातीत फार खोल जात नाही. वर राख होते, खाली कंद सुखरूप राहतो आणि पावसाच्या सरी आल्या की कोंब वर येतो.

कोणती आग?

म्हणजे वणवा चांगला, असे मुळीच नाही. बंदिपूरला २०१७ मध्ये आगीशी झुंजताना एका वनरक्षकाचा बळी गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत हजारो एकर रान जळाले. म्हणून वनखाते उन्हाळ्यापूर्वीच रस्त्यांच्या कडेचे गवत कापून ते जपून जाळते. अशा मोकळ्या पट्ट्यांपाशी वणव्याला अडवणे सोपे जाते.

म्हैसूरपासून तासादोन तासांच्या अंतरावरील बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिगा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या असेच काही करत. उन्हाळा कडक होण्याआधी ते पाचोळ्याला हलकी आग लावत. तिला ते ‘तरगु बेंकी’, म्हणजे पाचोळ्याची आग म्हणतात. १९७४ मध्ये इथे अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. सोलिगा म्हणतात, आग थांबली आणि घाणेरी माजली. शास्त्रज्ञांनी १९९७ आणि २००८ च्या पाहण्या ताडून पाहिल्या, तेव्हा घाणेरी जवळजवळ दुप्पट ठिकाणी पसरलेली आढळली. इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून आणलेले हे परदेशी झुडूप गवताला ऊन मिळू देत नाही. शिवाय वणवा लागलाच, तर ज्वाळा त्याच्यावरून झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचतात. कळलावी निदान झुडपावर चढून प्रकाश गाठू शकते; हरणांच्या तोंडच्या गवताने काय करावे?

२०११ मध्ये सोलिगांचे वनहक्क मान्य झाले. मध, आवळा गोळा करण्याचा अधिकार त्यांना मिळाला, पण काडी ओढण्याची मुभा नाही. आग केव्हा लावावी आणि केव्हा विझवावी, हे ज्यांना ठाऊक होते, ती म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांचे ऐकून घ्यायला फार उशीर होऊ नये.

केव्हा व कसे जाल?

कळलावीसाठी जुलै ते सप्टेंबर उत्तम. म्हैसूरहून गुंडलुपेटला बस मिळते. रात्री ९ ते सकाळी ६ बंदिपूरच्या जंगलातून खासगी वाहनांना बंदी आहे, त्या बेताने निघा. गाडीतून उतरू नका, फुले तोडू नका आणि उन्हाळ्यात गेलात, तर जळती विडी-सिगारेट चुकूनही बाहेर टाकू नका.