उजनीच्या पाण्यावर दुर्बीण

दुर्बीण ज्याच्या घरी नसते त्याला ती चैन वाटते; आणि ज्याच्या घरी असते तिथे ती बहुधा कपाटाच्या वरच्या फळीवर बुरशी धरत पडलेली असते. आमच्या घरी ती आली मामांमुळे.

मामा मूळचे जुन्या पळसदेवचे. ‘जुन्या’ म्हणायचे, कारण पुणे-सोलापूर रस्त्याला आज जे लागते ते पळसदेव निराळे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि काठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. त्यांतच हेही गेले. मागे राहिले पळसनाथाचे देऊळ. एरवी तेही पाण्यातच असते, पण उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की आधी शिखर डोके काढते, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी सबंध देऊळच वर येते. अशा एका वर्षी मामा म्हणाले, “एकदा बघून यावं म्हणतो रे.” सत्तरी गाठलेली, गुडघे थकलेले, चष्मा जाडजूड. देवळाभोवती गुडघाभर चिखल. तेव्हा होडीतूनच दर्शन घ्यायचे ठरले, आणि मी मोठ्या ऐटीत दुर्बीण आणली.

दुकानदाराने सांगितले, “सर, झूम आहे. दहापासून तीसपट!” भिंगांवर माणकासारखी लालभडक झळाळी. किंमत दोन हजारांच्या आत. मराठीच्या प्राध्यापकाला यापेक्षा जास्त काय कळणार?

होडीवाल्याने देवळापासून बरेच अलीकडे होडी थांबवली. पाण्याखाली जुन्या भिंती आहेत, वर जाळी लावलेली. पुढे जाणे बरे नव्हे. मामांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, पुष्कळ वेळ फिरवली, आणि हलकेच माझ्या हाती देत म्हणाले, “छान दिसलं हो.” मग मी लावून पाहिली. देवळे दोन, तीही थरथरणारी, आणि भोवती काळोख. मामा माझे मन राखायला खोटे बोलले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी देवळाचे नाव काढले नाही, आणि ते मला फार लागले.

मग मात्र मी या विषयाचा रीतसर अभ्यास केला. दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आकडे असतात. पहिला किती पट मोठे दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवशिका पहिल्या आकड्यावर भाळतो, आणि फसतो तिथेच. दुर्बीण जितकी पट मोठे दाखवते, तितकाच पट हाताचा कंपही मोठा करते. जमिनीवर दहापट कसेबसे सांभाळते. हलत्या होडीत सात-आठपटीच्या पुढे जाऊ नये. जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या ७×५० चालत आली ती उगीच नव्हे. तीसपटीत मामांना देऊळ दिसले नाही यात त्यांच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. ७×५० ची सुमारे सात मिलिमीटर, ८×४२ ची सव्वापाच. अंधारात तरुणाची बाहुली सातपर्यंत उघडते. म्हाताऱ्याची तेवढी उघडत नाही. म्हणजे मामांसाठी ७×५० घेऊन किलोभर ओझे त्यांच्या गळ्यात बांधण्यात अर्थ नव्हता. उलट खिशात मावणारी ८×२१ फक्त अडीच मिलिमीटरचा झोत देते. भर उन्हात ठीक, पण पहाटेच्या धुक्यात कुचकामी. आमचे उत्तर ८×४२ निघाले.

चष्मेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. डोळा भिंगापासून किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते, ते अंतर पंधरा मिलिमीटरच्या खाली नको. सतरा-अठरा असेल तर फारच उत्तम. डोळ्यांकडची रबरी कडी चष्मा असेल तर आत दाबायची, नसेल तर बाहेर काढायची. हे साधे तंत्र पहिल्या दुकानदाराने सांगितले नव्हते. कदाचित त्यालाही ठाऊक नसावे.

आत लोलक असतात. इटलीच्या पोरो नावाच्या गृहस्थाने १८५४ च्या सुमारास बसवलेली त्यांची रचना आजही चालते. तीच ती मधे वाकडी, रुंद खांद्यांची दुर्बीण. सरळ नळ्यांची दिसायला ऐटबाज, पण ती अचूक बनवणे खर्चाचे. म्हणून बेताच्या पैशांत रुंद खांद्यांचीच बहुधा जास्त स्वच्छ दाखवते. मात्र पाण्यावर नेहमी जाणाऱ्याने जलरोधक, आत नायट्रोजन भरलेली घ्यावी, म्हणजे भिंगे आतून धुरकटत नाहीत. आणि अशा स्वस्तात सरळ नळ्यांच्याच जास्त मिळतात. मी वर्षातून दोनदा होडीत बसणारा. मी रुंद खांदे पत्करले आणि प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवली.

दुकानात मी ती हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिले. भिंगात प्रकाशाची चकती पूर्ण गोल दिसली तर लोलकाची काच चांगली; कडा चौकोनी कापलेल्या दिसल्या तर हलकी. मग समोरच्या इमारतीची पाटी वाचली. दोन पाट्या दिसल्या असत्या तर परत केली असती. आठ हजारांना काही रुपये कमी पडले. सौभाग्यवतींनी आकडा ऐकून फक्त “बरं” म्हटले. त्या ‘बरं’चा अर्थ विवाहित वाचकांना सांगायला नको.

पुढच्या एप्रिलात पुन्हा निघालो. सकाळी आधी भिगवणजवळ कुंभारगावला रोहित पाहिले. या पक्ष्याला अग्निपंख असेही सुरेख नाव आहे, आणि पंख उघडल्याखेरीज ते नाव पटत नाही. उन्हे चढायच्या आत पळसदेव गाठले. होडीत बसताना प्रथम जीवरक्षक जाकिटे मागून घेतली. २०२४ च्या मे महिन्यात याच जलाशयात कुगाव-कळाशीच्या दरम्यान होडी उलटून सहा माणसे गेली आहेत.

“इंजिन बंद कर बाबा,” मी होडीवाल्याला म्हटले. थरथर थांबली. मामांना कोपरे बरगड्यांना टेकवायला सांगितले. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने, मग डावा झाकून उजव्या नळीवरच्या कड्याने त्यांनी नजर जुळवली.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “विटा निखळल्यात रे शिखराच्या. डाव्या बाजूला पिंपळ उगवलाय.” थोड्या वेळाने दुर्बीण देवळावरून सरकली आणि उजवीकडे नुसत्या पाण्यावर स्थिरावली. “तिथं आमचा वाडा. त्याच्यापुढं उतार, मग नदी.”

मी पाहिले. मला पाणीच दिसले.

होडीवाल्याने विचारले, “वळवू का, गुरुजी?” मामांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच मान हलवून नको म्हटले. परतताना एक रोहितांचा थवा डोक्यावरून गेला. मला तो साध्या डोळ्यांनी पाहावा लागला, कारण पट्टा मामांच्या गळ्यात होता. तो अजून तिथेच आहे.