कंगव्याचे दात

विजेचे नाव काढले, की मेघांचा गडगडाट आणि आभाळ चिरीत जाणारी रेषा डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु विजेचे एक सामर्थ्य असे आहे, की ते अंतर लहान होत जाईल तसे वाढत जाते. त्याचा पहिला परिचय आम्हां विद्यार्थ्यांना साध्या कंगव्याने करून दिला. थंडीच्या कोरड्या दिवसांत केसांवर घासलेला कंगवा वीतभर दूर धरला, तर कागदाचे कपटे निश्चल राहतात. तोच जवळ नेला, की टुणकन उडी मारून त्यास चिकटतात. हा खेळ आम्ही सर्वांनीच केला आहे. त्यातून यंत्रे घडली आहेत, हे मात्र पुढे वाचनातून कळले.

१९८९ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात विल्यम टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनचे इवलेसे कंगवे समोरासमोर बसविले. एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत शिरलेले, परंतु कोठेही न टेकलेले. विद्युत्दाब देताच ते एकमेकांस ओढतात. दाब काढताच बारीक स्प्रिंगा हलत्या कंगव्यास माघारी आणतात. ना चाक, ना वंगण!

याचे मर्म एका भागाकारात आहे. दाबास अंतराने भागले, की विद्युत्क्षेत्राची तीव्रता मिळते. एक मिलिमीटरच्या फटीत जे क्षेत्र उत्पन्न करण्यास १००० व्होल्ट लागतात, तेच २ मायक्रोमीटरच्या फटीत केवळ २ व्होल्टांत मिळते. टॉर्चमधील दोन सेलांचा दाबही याहून अधिक असतो.

हाच भागाकार प्रकाशासही वश करतो. काही स्फटिकांस विद्युत्क्षेत्र लावले असता त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग किंचित बदलतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पॉकेल्स यांनी १८९३ साली या परिणामाचा अभ्यास केला. आता एका किरणाचे दोन भाग करावे, एकास किंचित रेंगाळवावे आणि पुन्हा दोघांस एकत्र आणावे. लाटेच्या माथ्यावर माथा आला तर उजेड, माथ्यावर खळगा आला तर अंधार. उजेड-अंधाराच्या या लिपीतच काचतंतूंमधून संदेश धावतात. लिथियम नायोबेट या स्फटिकाचा पातळ थर वापरून हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हे कार्य सुमारे १.४ व्होल्टांवर करून दाखविले. दाब कमी म्हणजे ऊर्जेचा व्यय कमी आणि उष्णताही कमी.

एवढे गहन विषय मराठीतून कसे शिकणार, असा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या आमच्या घरांतून तर तो अधिकच काळजीने विचारला जातो. परंतु दाब, अंतर आणि क्षेत्र हे तीन शब्द उमगले, की या दोन्ही यंत्रांचे दार उघडते. आणि ते तिन्ही शब्द आमच्या वर्गातील फळ्यावर मराठीतच लिहिले जातात. पुढील विद्येसाठी परभाषा शिकावी लागेल, ती आम्ही आनंदाने शिकू. तथापि विषयाची मुळाक्षरे घरच्या भाषेत गिरविली, याचा संकोच आम्ही का मानावा?