कमळाची पाकळी

गेल्या महिन्यात माळा झाडताना एक जुनी लेझीम खाली पडली आणि तिच्या गंजक्या चकत्यांचा खळखळाट ऐकताच शाळेच्या संमेलनात आम्ही मुलांनी मैदानावर रचलेले कमळ मला आठवले. आठवले म्हणणेही खोटेच, कारण ते पाहिले मांडवातल्या पाहुण्यांनी, आणि पाकळीत उभ्या असलेल्या माझ्या वाट्याला आली ती पुढच्या मुलाची घामाने भिजलेली पाठ व ड्रिलमास्तरांची शिट्टी.

सीगफ्रीड क्राकाउअरचा समूहाच्या अलंकरणावरील १९२७ सालचा निबंध पुढे वाचनात आला तेव्हा हीच पाठ समोर उभी राहिली. रंगमंचावर एका ओळीत पाय उडविणाऱ्या टिलर मुलींकडे पाहून (त्याला त्या अमेरिकन वाटल्या, वस्तुतः ती पथके मँचेस्टरच्या जॉन टिलरची) या वास्तुविशारदाने, जो आता वृत्तपत्राचा चाकर झाला होता, असे ताडले की ज्यांच्या अंगांची आकृती होते त्यांना ती दिसत नाही, आणि त्या पायांचे नाते कारखान्यात राबणाऱ्या हातांशी आहे. पुढे १९३० साली बर्लिनच्या कारकुनांवर ग्रंथ लिहिताना तो कचेऱ्या, कामगार न्यायालये, नृत्यगृहे अशा ठिकाणी स्वतः हिंडला. मी तो कचेरीतच, फायलींच्या आडोशाने, वाचला. हजेरीपटावर सहीसाठी रांग लागे तेव्हा पुढे पुन्हा एक पाठ असेच.

शाळकरी वयात शनिवारच्या दुपारी ज्याच्यापाशी बसून कांट वाचला, त्या वडीलमित्राला, म्हणजे क्राकाउअरला, १९६४ साली ‘विचित्र वास्तववादी’ ठरविणाऱ्या तत्त्वज्ञ आडोर्नोला मी अद्याप माफी दिलेली नाही. राइशस्टाग हे जर्मन संसदभवन जळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९३३ साली, बर्लिन सोडलेला, पॅरिसात दारिद्र्य भोगून १९४१ साली लिस्बनमार्गे न्यूयॉर्कला पोचलेला आणि परभाषेत जर्मन चित्रपटाचा इतिहास लिहिणारा हा गृहस्थ विचित्र असेल तर असो. फ्रँकफुर्टात मागे राहिलेल्या त्याच्या वृद्ध आईची व मावशीची १९४२ साली टेरेझिनच्या छावणीत रवानगी झाली. त्या परतल्या नाहीत. त्या रवानगीच्याही रीतसर याद्या होत्या, अनुक्रमांकासह.

उतारवयात त्याने एक हट्ट धरला होता: आपले वय कोठेही छापून येऊ नये. आडोर्नोलाही त्याने तशी विनवणी केली होती. माणसाने मागून मागावे ते एवढेच, म्हणून या मजकुरात त्याचे जन्मसाल मी दिलेले नाही.