सुहैल आणि अगस्ती

आमच्या उम्म अल कुवैनमध्ये शरदाची चाहूल आधी आकाशात लागते. ऑगस्टअखेर पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसला, की अरब म्हणतात, आता उन्हाळा ओसरणार. हा सुहैल म्हणजेच आपला अगस्ती!

सप्टेंबरातला शनिवार. दिवसभर घरीच निवांत होतो. उकाडा होताच, पण खाडीवरून जरा वारा येत होता. गावाहून आणलेली शेवटची भाजणी रात्रीच्या मित्रमंडळींसाठी भिजवली. जेवताना भाऊ हळूच म्हणाले, "मार्चमध्ये आम्ही कायमचे सांगलीला चाललो."

वीस वर्षांची आमची पंगत! क्षणभर कुणी बोललं नाही. मग वहिनींनीच उठून प्रत्येकाच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा वाढला.

सांगलीच्या आकाशात अगस्ती इथल्यापेक्षा वर दिसतो. भाऊंना म्हटलं, "तिथून बघत जा, आम्हीही इथून बघू."